इंजिन आणि चाके यांच्यामधील तेल : टॉर्क कन्व्हर्टरची निवड

क्लचचा पायदांडा नसलेली एखादी मोटारगाडी चौकात लाल दिव्यापाशी उभी असते. तिचे इंजिन चालू असते, गियर पडलेला असतो, तरीही गाडी जागची हलत नाही आणि इंजिनही बंद पडत नाही. चालकाने ब्रेकवरील पाय उचलताच ती हलकेच पुढे सरकू लागते. साध्या गियरच्या गाडीत असे उभे राहावयाचे झाल्यास क्लच दाबून धरावा लागतो. तो सोडला तर इंजिन आचका देऊन बंद पडते. स्वयंचलित गियरच्या गाडीत क्लचचे हे काम तेल करीत असते. इंजिन व गियरपेटी यांच्यामध्ये बसवलेल्या आणि तेलाने भरलेल्या या बंद पोलादी डब्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात.

बंगळूर शहराला हे यंत्र नवखे नाही. १९६४ साली स्थापन झालेल्या भारत अर्थ मूव्हर्स या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीचे मुख्य कार्यालय याच शहरात आहे, आणि बुलडोझर, डंपर अशा ज्या अवजड यंत्रांसाठी ती ओळखली जाते, त्यांत टॉर्क कन्व्हर्टरचा वापर सर्रास केला जातो. २००५-०६ च्या सुमारास शहराच्या रस्त्यांवर स्वयंचलित गियरच्या व्होल्वो बसगाड्या धावू लागल्या. परंतु या यंत्राची निवड स्वतः करण्याची वेळ येते ती एका निराळ्याच वर्गावर. जुन्या, शक्तिमान अमेरिकन गाड्यांची हौस बाळगणाऱ्यांचा हा वर्ग होय. परदेशातून मागवलेला कन्व्हर्टर खर्चाचा असतो, त्याचे कवच जोडकामाने बंद केलेले असते आणि एकदा तेल भरून वापरल्यावर तो परत करता येत नाही. त्यामुळे निवड चुकली तर पैसा जातो. आणि चूक लक्षात येऊनही गाडी तशीच चालवीत राहिले, तर गियरपेटीही जाते.

रवी, ताक आणि घागर

टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर. घट्ट बसलेला नट आखूड पान्याने निघत नाही, तो लांब पान्याने निघतो. कारण हाताचा जोर तोच राहिला तरी फिरवण्याचा जोर वाढतो. इंजिन हाच जोर चाकांकडे पाठवीत असते. अडचण अशी की, पेट्रोलचे इंजिन अगदी मंद फिरत असताना त्याच्या ठिकाणी जोर फारसा नसतो, आणि गाडी जागची हलवताना तर जोराची गरज सर्वांत अधिक असते.

या अडचणीवरील उपाय प्रथम जहाजांसाठी शोधला गेला. श्टेटीन येथील व्हल्कान जहाजकारखान्यात काम करणारे जर्मन अभियंते हेर्मान फ्यॉटिंगर यांच्यापुढे प्रश्न होता, तो वेगाने फिरणारे वाफेचे टर्बाइन आणि सावकाश फिरणारा जहाजाचा पंखा यांची सांगड घालण्याचा. दोहोंमध्ये द्रवाचा प्रवाह योजण्याच्या कल्पनेचे पेटंट त्यांनी १९०५ साली घेतले. मोटारगाडीपर्यंत ही कल्पना पोहोचण्यास काही दशके लागली. १९४८ साली ब्यूक गाडीच्या ‘डायनाफ्लो’ गियरपेटीमधून टॉर्क कन्व्हर्टर अमेरिकन प्रवासी गाड्यांत आला आणि पुढील पंधरा-वीस वर्षांत तेथे तो सर्वत्र रूढ झाला.

त्याचे कार्य समजून घेण्यासाठी ताक घुसळणे डोळ्यांपुढे आणावे. रवी फिरू लागली की घागरीतील ताक फिरू लागते, आणि फिरणारे ताक घागरीलाही आपल्याबरोबर फिरवू पाहते. म्हणूनच घुसळताना घागर धरून ठेवावी लागते. रवी आणि घागर यांचा एकमेकींना स्पर्श नाही, तरीही एकीचा जोर दुसरीपर्यंत पोहोचतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये रवीच्या जागी पात्यांचे एक चक्र असते. ते इंजिनाबरोबर फिरते व त्याला इंपेलर म्हणतात. त्याच्या समोर गियरपेटीला जोडलेले दुसरे चक्र असते, ते टर्बाइन. इंपेलरने भिरकावलेले तेल टर्बाइनच्या पात्यांवर आदळते आणि त्याला फिरवते.

एवढ्यानेच काम भागले असते, तर मिळालेला जोर इंजिनाच्या जोराइतकाच राहिला असता. टर्बाइनमधून बाहेर पडणारे तेल उलट दिशेने वळलेले असते, आणि तसेच परत आले तर ते इंपेलरला अडवते. म्हणून दोहोंच्या मधोमध स्टेटर नावाचे तिसरे चक्र बसवलेले असते. पाटाच्या वळणावर भिंत बांधून पाण्याला हव्या त्या दिशेला लावावे, त्याप्रमाणे स्टेटरची पाती परतणाऱ्या तेलाला पुन्हा सुलट दिशा देतात. अडवू पाहणारे तेल आता साहाय्य करू लागते. गाडी उभी असताना टर्बाइनवर पडणारा जोर यामुळे इंजिनाच्या जोराच्या सुमारे दुप्पट, काही रचनांत अडीच पटीपर्यंत भरतो. टर्बाइनचा वेग वाढत जातो, तसतशी ही वाढ घटते. टर्बाइन जवळजवळ इंपेलरच्या वेगाने फिरू लागले की स्टेटरही मोकळा होऊन त्यांच्याबरोबर फिरतो, आणि मग मागे उरते ती केवळ काही टक्क्यांची घसर.

स्टॉल-वेग कोणाचा ?

आता अशी कल्पना करावी की, गाडी ब्रेकने पक्की धरून ठेवली आहे आणि चालकाने अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला आहे. टर्बाइन फिरू शकत नाही. इंजिनाचा वेग वाढतो, परंतु एका मर्यादेपर्यंतच. तेथे तेलाचा विरोध आणि इंजिनाचा जोर समसमान होतात. या वेगाला कारागीर ‘स्टॉल’ म्हणतात. कन्व्हर्टरच्या जाहिरातीत व खोक्यावर ठळक छापलेला आकडा हाच असतो, आणि बहुतेक ग्राहक केवळ त्याच्याकडे पाहून निवड करतात.

चुकीचे मूळ येथेच आहे. स्टॉल-वेग हा कन्व्हर्टरचा स्वतःचा गुण नव्हे. तो इंजिन आणि कन्व्हर्टर या जोडीचा गुण आहे. स्थळाचे गुण ऐकून विवाह ठरवता येत नाही, दोन्ही बाजू पाहाव्या लागतात, तसेच काहीसे हे आहे.

कन्व्हर्टरचा स्वतःचा गुण म्हणावा असा एक निराळा अंक आहे. त्याला आपण क्षमतांक म्हणू. परदेशी कारखानदार त्याचा उल्लेख ‘के-फॅक्टर’ असा करतात. स्टॉलच्या वेळी मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांना इंजिनाच्या टॉर्कच्या वर्गमुळाने भागले की हा अंक मिळतो. उदाहरणार्थ, एका आठ सिलिंडरांच्या इंजिनाचा टॉर्क ४०० न्यूटन-मीटर आहे आणि कन्व्हर्टरचा क्षमतांक ११० आहे असे समजू. ४०० चे वर्गमूळ २०. म्हणून स्टॉल-वेग २,२०० फेऱ्या. तोच कन्व्हर्टर ४८४ न्यूटन-मीटरच्या इंजिनामागे बसवला तर वर्गमूळ २२ होते आणि स्टॉल-वेग २,४२० वर जातो. कन्व्हर्टर तोच, खोका तोच; आकडा मात्र बदलला.

क्षमतांक ठरतो तो मुख्यतः कन्व्हर्टरच्या व्यासावरून आणि पात्यांच्या कोनांवरून. व्यासाचा प्रभाव विलक्षण आहे. पात्यांची रचना तीच ठेवली, तर विशिष्ट वेगाला कन्व्हर्टर पेलू शकणारा टॉर्क व्यासाच्या पाचव्या घाताने बदलतो. बारा इंची कन्व्हर्टरऐवजी तशाच घडणीचा दहा इंची घेतला तर ही क्षमता दोन पंचमांशांवर येते, आणि त्याच इंजिनाचा स्टॉल-वेग दीडपटीहून अधिक वाढतो. शर्यतीच्या गाड्यांतील कन्व्हर्टर आकाराने लहान दिसतात, त्याचे कारण हेच.

शक्ती वाढवूनही मंदावलेली गाडी

अमेरिकेत ज्यांना ‘मसल कार’ म्हणतात त्या गाड्यांची सुरुवात सामान्यतः १९६४ च्या पॉन्टियाक जीटीओपासून मानली जाते. मोठ्या गाडीचे दांडगे इंजिन मध्यम आकाराच्या गाडीत बसवावे, हे त्यांचे सूत्र होते. अशी गाडी हाती आलेला हौशी मालक बहुधा प्रथम इंजिनाकडे वळतो. तो झडपा अधिक काळ उघड्या ठेवणारा कॅमशाफ्ट बसवतो, मोठा कार्ब्युरेटर लावतो. इंजिनाची कमाल शक्ती वाढते, पण ती वाढते वरच्या वेगाला. खालच्या वेगाला असे इंजिन पूर्वीपेक्षा दुबळे होते.

वरील उदाहरणातील इंजिनावर हा प्रयोग झाला आहे असे समजू. आता ते ४,००० फेऱ्यांवर ४५० न्यूटन-मीटर देते, परंतु २,००० फेऱ्यांवर मात्र केवळ ३३०. कन्व्हर्टर जुनाच, क्षमतांक ११० चा. ३३० चे वर्गमूळ सुमारे १८.२, त्याला ११० ने गुणले की २,००० येतात. म्हणजे स्टॉल-वेग वाढण्याऐवजी २,२०० वरून २,००० वर उतरला. जोर दुप्पट होतो असे धरले, तर पूर्वी सुटताना टर्बाइनवर ८०० न्यूटन-मीटर पडत असत, तेथे आता ६६० च पडतात. एवढा खर्च करूनही गाडी सुटताना पूर्वीपेक्षा मंद का झाली, हे मालकास उमगत नाही, आणि तो दोष कार्ब्युरेटरला देत राहतो.

या इंजिनाला हवा असलेला कन्व्हर्टर त्याला अधिक वेगापर्यंत मोकळेपणी चढू देणारा असावा. ३,००० फेऱ्यांवर ते ४१० न्यूटन-मीटर देत असेल आणि तेथे स्टॉल साधावयाचा असेल, तर क्षमतांक सुमारे १४८ हवा. पात्यांची रचना तशीच ठेवल्यास त्यासाठी बारा इंचांऐवजी साधारण साडेदहा इंचांचा कन्व्हर्टर लागेल. याहून लहान घेतला तर इंजिन आणखी वर चढेल, परंतु त्याची किंमत अन्यत्र मोजावी लागेल. ती कोठे, हे पुढे पाहू.

नऊशे वीस मीटर उंचीवर

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर वसले आहे. येथील हवेचा दाब किनाऱ्यावरील दाबाहून सुमारे एक दशांशाने कमी असतो. टर्बोचार्जर नसलेले इंजिन जेवढी हवा ओढू शकते तेवढेच पेट्रोल जाळू शकते. म्हणून त्याचा पूर्ण टॉर्कही येथे जवळपास एक दशांशाने घटतो. आणि टॉर्क घटला की स्टॉल-वेग घटतो, हे वर पाहिलेच. किनाऱ्यावर ३,००० चा स्टॉल देणारी जोडी बंगळुरात २,८५० च्या आसपास किंवा किंचित खाली अडते. पुण्याची उंची सुमारे ५६० मीटर असल्याने तेथे हा फरक याहून कमी पडतो, तर मुंबईत मुळीच पडत नाही.

दक्षिणेतील मोटार शर्यतींच्या संदर्भात या फरकाला व्यावहारिक अर्थ आहे. १९९० मध्ये मद्रासजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे शर्यतींचा स्वतंत्र मार्ग खुला होईपर्यंत तिकडच्या शर्यती शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर होत असत. ही दोन्ही ठिकाणे जवळजवळ समुद्रसपाटीची. बंगळुरात नीट जुळवलेली गाडी घाट उतरून तेथे गेली म्हणजे तिचे इंजिन अधिक जोमदार होते आणि स्टॉल-वेग आपोआप वर चढतो. उलट, किनाऱ्यावरच्या किंवा परदेशातल्या मोजमापावरून मागवलेला कन्व्हर्टर बंगळुरात ‘घट्ट’ वाटतो. दोन्ही प्रसंगी कन्व्हर्टर सदोष नसतो. बदललेली असते ती हवा.

उष्णतेचा हिशेब

घसरणाऱ्या तेलात वाया गेलेली शक्ती नाहीशी होत नाही. ती उष्णता होऊन तेलातच उतरते. स्टॉलच्या वेळी तर गाडी मुळीच हलत नसल्याने इंजिनाची सर्व शक्ती उष्णता होते. २,२०० फेऱ्यांवर ४०० न्यूटन-मीटर म्हणजे सुमारे ९२ किलोवॉट. गियरपेटीतील तेल दहा लिटर धरले, तरी त्याचे तापमान दर सेकंदाला सुमारे पाच अंश सेल्सिअसने चढू लागते. प्रत्यक्ष कन्व्हर्टरमध्ये असलेले तेल त्याहूनही वेगाने तापते. स्टॉलची चाचणी पाच सेकंदांहून अधिक काळ घेऊ नये, असा नियम कार्यशाळांत पाळला जातो तो यासाठीच.

चौकात गियर पडलेल्या अवस्थेत उभ्या असलेल्या गाडीचे इंजिन ७०० फेऱ्यांवर चालत असेल, तर क्षमतांक ११० चा कन्व्हर्टर सुमारे तीन किलोवॉट उष्णता निर्माण करतो. स्नानगृहातील पाणी तापवणाऱ्या मोठ्या गिझरएवढी ही उष्णता होय. क्षमतांक १४८ असल्यास ती जवळजवळ निम्मी भरते. म्हणजे केवळ उभे राहण्याच्या दृष्टीने सैल कन्व्हर्टर सुखाचाच ठरतो. गाडी ब्रेकशी झगडत नाही आणि अस्थिर फिरणारे इंजिनही बंद पडत नाही.

प्रश्न येतो तो रांगत्या वाहतुकीचा, आणि बंगळुरातील वाहतुकीचा परिचय त्या शहराबाहेरील वाचकांनाही असेल. टर्बाइनचा वेग इंपेलरच्या निम्मा असताना जोर समजा १.६ पट होत असेल, तर कार्यक्षमता या दोहोंचा गुणाकार, म्हणजे ०.८. इंजिनाच्या शक्तीचा पाचवा हिस्सा तेलात जात राहतो. कन्व्हर्टर जितका सैल, तितका गाडीचा अधिक काळ या घसरीच्या टप्प्यात जातो. मैलोगणती असे रांगल्यावर तेलाचे तापमान १२० अंशांच्या पलीकडे जाऊ लागले, तर तेल झपाट्याने निकामी होते, गियरपेटीतील क्लचच्या चकत्या जळू लागतात आणि तेलाला करपट वास येतो. म्हणून सैल कन्व्हर्टर बसवताना तेल थंड करणारा स्वतंत्र कूलर आणि तापमान दाखवणारा काटा, या दोन्ही वस्तू त्याच खर्चात धराव्यात.

महामार्गावरील वेग

निवडीचा शेवटचा घटक मागील आसाचे गुणोत्तर हा आहे. चाकाचा परीघ २.१ मीटर असेल, तर ताशी ८० किलोमीटरच्या वेगाला चाक मिनिटाला सुमारे ६३५ फेऱ्या घेते. जुन्या तीन गियरांच्या पेटीत वरचा गियर सरळ असतो. त्यामुळे आसाचे गुणोत्तर ३.०८ असल्यास गियरपेटीकडील दांडा सुमारे १,९५० फेऱ्यांवर, आणि ते ३.७३ असल्यास सुमारे २,३७० फेऱ्यांवर फिरतो. ३,००० चा स्टॉल असलेल्या कन्व्हर्टरच्या जोडीला पहिले गुणोत्तर ठेवले तर म्हैसूरच्या रस्त्यावरही घसर सतत चालू राहते. अॅक्सिलरेटर हलका असताना टॉर्क कमी असल्याने ही घसर पुष्कळ कमी असते हे खरे. परंतु चढ लागला किंवा पुढील वाहनास मागे टाकावयाचे झाले की ती लगेच वाढते.

यावरील मूलगामी उपाय म्हणजे गरज संपताच तेलाला बाजूस सारून इंजिन व गियरपेटी यांना सरळ जोडणे. पॅकार्ड कंपनीने १९४९ साली आपल्या गाडीत असा जोड-क्लच योजला होता. भारतीय रेल्वेतील अभियंते मनमोहन सुरी यांनी डिझेल इंजिनांसाठी शोधलेल्या पारेषण यंत्रणेतही सुरुवातीचे काम टॉर्क कन्व्हर्टरकडे सोपवून पुढे त्याला विश्रांती देण्याचे तत्त्व होते. १९६२ साली त्यांना शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक मिळाले. पुण्याची किर्लोस्कर न्यूमॅटिक कंपनी रेल्वे इंजिनांसाठी द्रवावर चालणाऱ्या पारेषण यंत्रणा बनवीत आली आहे. १९७८ पासून अमेरिकन गाड्यांत हा जोड-क्लच पुन्हा आला व स्थिरावला. २०१६ साली भारतात अधिकृतपणे विक्रीस आलेल्या फोर्ड मस्टँगच्या सहा गियरांच्या स्वयंचलित पेटीतही तो असतो. अशा गाडीत कन्व्हर्टर बदलताना संगणकाची आज्ञावलीही जुळवून घ्यावी लागते. जुन्या गाडीत ती जुळवणी मालकाने निवडीच्या वेळीच मनाशी करावयाची असते.

निवडीचा क्रम

वरील विवेचनावरून निवडीचा क्रम सहज लक्षात येईल. प्रथम इंजिन पूर्ण करावे. कॅमशाफ्ट ठरलेला नसताना कन्व्हर्टर मागवणे म्हणजे माप न घेता कपडा बेतणे होय. मग शक्य असल्यास आपल्याच शहरात, डायनॅमोमीटरवर, इंजिनाचा टॉर्क निरनिराळ्या वेगांना मोजून घ्यावा. त्याबरोबर गाडीचे वजन, आसाचे गुणोत्तर, चाकांचा परीघ आणि शहराची उंची ही माहिती कारखानदारास कळवावी, आणि स्टॉलच्या आकड्याबरोबर क्षमतांक विचारावा. रोजच्या वापराच्या गाडीत स्टॉल-वेग टॉर्कच्या शिखराखाली, जेथे टॉर्क जोमाने चढू लागतो तेथे, असणे पुरेसे असते. दोन आकड्यांत मन अडकले तर लहान आकडा घ्यावा.

बसवतानाही घाई चालत नाही. कन्व्हर्टरमध्ये आधी सुमारे एक लिटर तेल ओतावे आणि तो फिरवीत फिरवीत आत ढकलावा. दोन्ही दांडे व तेलाच्या पंपाची खाच, अशा तिन्ही ठिकाणी तो पुरता बसल्याशिवाय इंजिन व पेटी बोल्टांनी आवळू नयेत. अर्धवट बसलेला कन्व्हर्टर आवळला गेला तर इंजिन सुरू होताच पंप फुटतो, आणि बाकी सर्व अचूक निवडलेले असूनही पेटी उतरवावी लागते.

हे सर्व नीट झाले की गाडीत दिसण्याजोगा बदल काहीच होत नाही. लाल दिव्यापाशी ती मुकाट उभी राहते, हिरवा होताच झेपावते, आणि तेलाचा काटा आपली जागा सोडत नाही.